नवव्या मिनिटाचं शिखर

जगातली कोणतीही वस्तू यंत्रासमोर खोटं बोलू शकत नाही, असं प्रयोगशाळेचे साहेब छातीवर हात ठेवून सांगत. त्याच यंत्राने गेल्या आठवड्यात वाळक्या गवताला अस्सल आल्याचा अर्क ठरवलं होतं. पण साहेब तेव्हा रजेवर होते.

थेंबताईचा मात्र यंत्रावर जीव होता. झाडपाला, खाद्यपदार्थ आणि ताकदीच्या गोळ्या यांत औषधी असं नेमकं काय, हे शोधण्यात तिची बारा वर्षं गेली होती. एक थेंब इकडचा तिकडे होऊ देत नसे, म्हणून हे नाव. आज प्रथमच तिने घरचा नमुना गुपचूप आणला होता: वडिलांची कॅप्सूल.

वर्षभर अंथरुणाला खिळलेले वडील या कॅप्सूल सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत जिने चढू लागले होते. कानामागे चक्क काळे केस उगवले होते. आत काय आहे ते कळेपर्यंत बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बंद केल्या आणि ते पुन्हा आडवे झाले तर? हा घोर तिला लागून राहिला होता.

आलेख निघाला; नमुन्यातला एकेक घटक ज्या मिनिटाला यंत्रातून बाहेर पडे, तिथे रेघेवर त्याचं शिखर उमटे. तांदळाचं पीठ, बाकी आनंद. फक्त नवव्या मिनिटाला एक सुबक शिखर, आणि ते यंत्राच्या ओळखीतल्या हजारो पदार्थांपैकी एकाशीही जुळेना. तिने नुसतं पाणी तपासलं. शिखर हजर. मागचं काही चिकटलं असेल म्हणून तिने नळी धुतली, मग बदललीच. शिखर आणखी उंच झालं.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने तेच पाणी स्वतःच्या हाताने भरलं. रेघ सुतासारखी सरळ.

"तुझ्या हाताला गुण आहे हो," मैत्रीण म्हणाली. "मोजे घाल की."

थेंबताईने हात वर केले. मोजे घातलेलेच होते.

तिने ते काढले. वडिलांना कॅप्सूल गिळवत नसे. रोज सकाळी ती फोडून, चिमटीने दुधात कालवायची. घरीच तर आहोत, म्हणून उघड्या हाताने. आता बोटांची टोकं चमच्याच्या पाठीसारखी गुळगुळीत झाली होती. एकही रेषा नव्हती. हजेरीचं यंत्र पंधरा दिवस तिचा अंगठा ओळखत नव्हतं, आणि कारकून बिचारा यंत्रालाच शिव्या घालत होता. तिने एक बोट पाण्यात बुडवून ते पाणी तपासलं. शिखर कागदाबाहेर गेलं.

संध्याकाळी ती कठडा धरत, धापा टाकत घरचा जिना चढली. वडील दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आले आणि त्यांनी तिची पिशवी घेतली. तिने सगळं सांगितलं. कॅप्सूलमध्ये पीठच आहे. तुम्हाला लागू पडतंय ते माझ्यातून जातंय, आणि बाबा, मी संपत चाललेय.

त्यांनी तिची बोटं हातात घेतली, उजेडाकडे वळवून बराच वेळ न्याहाळली.

"म्हणजे बंद केलं, तर मी परत पलंगावर?"

"बहुतेक."

वडिलांनी विचार केला. तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.

"मग असं कर," ते म्हणाले, "उद्यापासून दुधात साखर जरा कमी घाल. फार गोड होतं."