पितळी टोक उजवीकडे

कपाटाचं एक दार. लावलं की सावकाश पुन्हा उघडतं, जणू आत कुणी कंटाळून बसलं आहे.

पिवळसर द्रवात कोंडलेली चिमूटभर हवा.

फळ्यावर शेजारी शेजारी तीन गोष्टी: घोड्याचं चित्र, घोड्याच्या टापेचा ठसा आणि ‘घोडा’ हा शब्द.

सिमेंटने पांढरी पडलेली बोटं फोनचे आकडे दाबतात आणि शेवटच्या आकड्यापाशी थांबतात.

टेबलावरून घरंगळत गेलेली पेन्सिल. तिला कुणी ढकललं नव्हतं.

मित्रांनो, हे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत आणि ती गोष्ट माझी आहे. मी एक जुनी पाणसळ आहे. फरशी सपाट बसली की कलली, हे पाहायला गवंडी जी लाकडी पट्टी तिच्यावर ठेवतो, ती मी. माझ्या पाठीत एक काचेची नळी आहे, नळीत एक बुडबुडा आहे. बुडबुडा मधोमध आला की गवंडी ‘बरोबर’ म्हणतो. तो सरकला की गवंडी फरशी उचकटतो. माझं आयुष्य या दोन गोष्टींत संपायला हवं होतं. तसं झालं नाही, म्हणून तर सांगायला बसले आहे.

या टोकाकडून

माझं अंग शिसवाचं आहे. एका टोकाला पितळेची पट्टी आहे, दुसरं टोक साधं. ज्या कारखान्यात मी घडले, तिथे एक बाई दिव्याच्या ज्योतीवर काचनळ्यांची तोंडं बंद करायची. नळीत द्रव भरताना ती थोडी जागा मोकळी सोडायची. शेजारणीला म्हणायची, काम काय ते हवा करते, बाकी नुसता साज. मग तिने ती नळी माझ्या पाठीतल्या खाचेत ठेवली आणि भोवती प्लास्टर भरलं. ते प्लास्टर सुकलं तसा माझा स्वभाव पक्का झाला, असं मला वाटलं.

मला विकत घेतलं ते थोरल्या मिस्त्रींनी. त्यांची एक सवय होती. ते मला फरशीवर ठेवायचे, बुडबुडा पाहायचे आणि मग मला उचलून टोकांची अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा ठेवायचे. पितळी टोक आधी उजवीकडे, मग डावीकडे. हाताखालची माणसं हसायची. एकाने विचारलं, “दोनदा बघितलं की फरशी दुप्पट सपाट होते का, मिस्त्री?”

“फरशी एकदाच बघतोय,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा हिला बघतोय.”

त्याचा अर्थ असा: बुडबुडा दोन्ही वेळा एकाच जागी राहिला, तर माझं सांगणं खरं. जागा बदलली, तर खोट माझ्यात आहे. मला या उलटण्याचा राग येत नसे. उलट आपल्याकडे कुणी इतकं लक्ष देतं याचं बरंच वाटायचं.

मिस्त्रींना दोन मुलगे. थोरल्याला सगळे दादा म्हणायचे, दुसऱ्याला धाकटा. दादा हिशेबी आणि नेटका. धाकटा बोलका, अनवाणी काम करणारा. मिस्त्री गेल्यावर मी दादाकडे आले. त्याने मला मऊ फडक्यात गुंडाळलं, दर आठवड्याला तेल लावलं, धाकट्यालाही हात लावू दिला नाही. माझं इतकं कौतुक आधी कधी झालं नव्हतं. फक्त उलटणं बंद झालं. पितळी टोक नेहमी उजवीकडे. बाबांची पाणसळ तपासायची म्हणजे बाबांनाच तपासायचं, असं दादा म्हणायचा. बाबा स्वतः तिला रोज तपासायचे, ही गोष्ट त्या घरात कुणी काढत नसे.

मग एकदा परांचीवर दादाच्या हातून मी निसटले. खाली वाळूचं पोतं होतं, त्यावर पडले. कुणीतरी उचलून मला वर दिलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. दादाने मला फडक्याने पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि काम सुरू केलं. आतल्या प्लास्टरला केसाएवढी चीर गेली होती आणि नळीचं एक टोक किंचित वर उचललं होतं. ते बाहेरून दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते कळलं नाही. आपल्याला आपण सरळच वाटतो.

थोड्या दिवसांनी आम्ही तर्कशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरी कामाला गेलो. त्यांच्या पुस्तकांच्या खोलीत नवी फरशी बसवायची होती. खोलीत उंच कपाटं येणार होती, म्हणून जमीन अगदी सपाट हवी होती. बाई दुपारी चहा घेऊन यायच्या आणि आमच्याशी बोलत उभ्या राहायच्या. एका जुन्या तत्त्वज्ञाचं त्यांना वेड होतं. तो म्हणायचा, खुणा तीन जातींच्या असतात. चित्र वस्तूसारखं दिसतं, म्हणून तिची खूण. शब्द म्हणजे माणसांनी आपसांत ठरवलं, म्हणून खूण. आणि तिसरी खूण वस्तूला प्रत्यक्ष बांधलेली असते: टापेचा ठसा, धूर, वारा दाखवणारा पत्रा. “आणि ही तुमची पाणसळ,” असं म्हणून त्या माझ्याकडे बोट दाखवायच्या. “हिला बिचारीला खोटं बोलताच येत नाही. जमीनच हिला बोलायला लावते.”

मी फुलून जायचे.

फरशी धाकट्याने बसवली. दादा तपासायला आला. पितळी टोक उजवीकडे. बुडबुडा बाजूला सरकला.

“कललीय,” दादा म्हणाला.

धाकट्याने खोलीभर दोन फेऱ्या मारल्या. “नाही दादा. पायाला लागलं असतं.”

“पायाला डोळे फुटले का रे तुझ्या?”

“उलटून बघ ना एकदा.”

दादाने मला फडक्याने पुसलं. धाकटा त्याच्याकडे पाहत राहिला. बराच वेळ पाहत राहिला. पण पुढे काही म्हणाला नाही.

मग दादाने बाईंना बोलावलं आणि विचारलं, तुम्हीच सांगा, कुणाचं धरायचं. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. त्या हसून म्हणाल्या, “मिस्त्री, तुमचा भाऊ शब्द वापरतोय. ही पाणसळ आहे. शब्द खोटा असू शकतो.”

वाक्य छान होतं. धाकट्याने थापी बादलीत धुतली, पुसली, पिशवीत ठेवली. आपण बसवलेली फरशी फोडताना त्याने मदत केली आणि तुकडेही त्यानेच खाली नेले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. दूरच्या एका शहरात काम धरल्याचं नंतर कळलं. दादाने फरशी पुन्हा बसवली, बुडबुडा मधोमध आणून.

त्या टोकाकडून

मित्रांनो, आता मला उलटं धरा.

कपाटं आली, पुस्तकं लागली. एका कपाटाचं दार लावलं की उघडायचं. बाईंना वाटलं, बिजागरी सैल असेल. सुताराने बिजागरी बदलली, दार उघडलं. बाईंना वाटलं, खिडकीचा वारा. खिडकी लावली, दार उघडलं. त्यांनी दारात कागदाची घडी खोचली आणि विषय संपवला. माणसं शंका मिटवायला आधी कागदच शोधतात.

मग एक दिवस त्यांच्या टेबलावरून पेन्सिल घरंगळली. बाईंनी ती उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा घरंगळली. त्या खुर्चीत ताठ बसल्या. वर्गात त्या शिकवायच्या त्याच रीतीने त्या आता मोठ्याने बोलू लागल्या, पण आवाज वर्गातला नव्हता. दार उघडतं, हे नवल. पेन्सिल पळते, हेही नवल. पण जमीनच कललेली असेल तर? मग यात नवल काहीच उरत नाही.

त्यांनी दादाला बोलावलं. तो मला घेऊन आला. मला जमिनीवर ठेवलं, पितळी टोक उजवीकडे. बुडबुडा मधोमध.

“बघा,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा मात्र ‘बघा’ म्हणणाऱ्या माणसाचा नव्हता.

जमीन कललेली आणि बुडबुडा मधोमध, म्हणजे खोट पाणसळीत असेल, असं म्हणत बाई खाली वाकल्या. मला उचललं आणि टोकांची अदलाबदल करून ठेवलं. माझ्या आतली हवा सर्रकन एका कडेला गेली आणि तिथेच चिकटून राहिली. मी तिला मध्ये आणायचा जीव तोडून प्रयत्न केला. ते माझ्या हातात नव्हतं. मित्रांनो, तिथे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण बाई म्हणायच्या ते खरंच होतं, मला खोटं बोलता येत नव्हतं. मी दोघींना बांधलेली होते, जमिनीला आणि आतल्या चिरेला. दोघींची बेरीज मी दाखवत होते आणि सगळ्यांनी ती एकट्या जमिनीची साक्ष मानली. धाकट्याचं घर सुटलं ते त्या बेरजेमुळे.

दादा भिंतीला टेकून खाली बसला.

जमिनीत खोलीच्या दाराखाली एक अरुंद पट्टी अजून धाकट्याने बसवलेली होती, ती फोडायची राहून गेली होती. बाईंनी मला तिच्यावर दोन्ही बाजूंनी ठेवलं, दोन्ही जागा पेन्सिलीने टिपल्या आणि मधली जागा काढली. पट्टी केसभर कललेली निघाली. दादा घाईने म्हणाला, “म्हणजे त्याचंही चुकलंच होतं.”

“केसभर,” बाई म्हणाल्या. “आणि आपण त्याला खोटा म्हणालो.” मग दादाकडे न बघता: “तुम्ही नाही. मी म्हणाले. मी मुलांना शिकवते की शंका तोंडदेखली नको, मनाला खरंच टोचायला हवी. त्या दिवशी मला काहीच टोचलं नाही. मला माझं वाक्य आवडलं होतं.”

दादाने फोन काढला. शेवटच्या आकड्यापाशी बोट थांबलं. मग दाबलं. मी टेबलावर होते, मला दोघांचंही ऐकू आलं.

“मी रे. पाणसळ चुकीची होती.”

“बरं.”

“सांगायचं होतं.”

“उलटून बघितली का?”

“हो. बाईंनी.”

“तू नाही बघितलीस.”

दादाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग धाकट्यानेच विचारलं, “दाराखालची पट्टी आहे का अजून? ती कशी आहे?”

“केसभर गेलीय.”

पलीकडे तो हसला. “जायचीच. घाईत लावली होती.”

“येशील?” दादाने विचारलं.

“बघतो,” धाकटा म्हणाला आणि फोन ठेवला.

मधोमध

दादाला मला फेकून द्यायचं होतं. बाईंनी मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या टेबलावर असते आणि कधीकधी वर्गात जाते. मला त्या मुलांच्या हातात देतात आणि सांगतात की ही पाणसळ बिघडलेली आहे, हिच्याने अचूक रेघ काढा. मुलं आधी वैतागतात. मग कुणीतरी मला उलटतं. खोलीतली जमीन बाईंनी बदललेली नाही. ती धाकट्यानेच बदलायची, असं त्यांनी ठरवलं आहे. तोवर कपाटाच्या दारात कागद आहे आणि बाई रोज तो काढून दार उघडताना बघतात. दादा अधूनमधून येतो. ज्या ज्या घरांत त्याने माझ्या भरवशावर फरशी बसवली, तिथे तो नवी पाणसळ घेऊन जाऊन आला. काही लोकांनी दार उघडलं, काहींनी नाही. धाकटा अजून आलेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना तेल लावा, फडक्यात ठेवा, पण तेवढ्याने आमची काळजी घेतली असं समजू नका. आमच्यावर जीव असेल तर आम्हाला उलटून बघा. ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास आहे, त्याला आधी. आणि कुणी ‘एकदा उलटून बघ’ म्हणालं, तर त्याच्या हातात थापी आहे की खडू, हे बघत बसू नका. त्या दिवशी मला एकदाच फिरवलं असतं तर ते दोन भाऊ आज एकाच खोलीत वाकून काम करत असते. हे माझ्या आतून जात नाही. द्रव आहे, काच आहे, पण हे बाहेर सांडत नाही.

परांचीवरून मी पडले तेव्हा पोत्यावरून मला उचलून देणारा धाकटा होता, आणि “कुणाला बोलू नकोस” असं दादा त्याला म्हणाला होता.