बाराव्या पानाची चतुःसीमा

काळ हा महासागर आहे, मनुष्य हा त्यावरचा बुडबुडा आहे आणि स्मृती ही त्या बुडबुड्यावर क्षणमात्र झळकणारी इंद्रधनूची कोर आहे. ही कोर वहीत चिकटवायला मात्र डिंक लागतो, आणि डिंकाच्या बाटलीचे झाकण सकाळपासून निघत नव्हते.

बाहेर मार्गशीर्ष होता. नीरेच्या पात्रावरून उठलेले धुके भोरच्या आळीआळीतून दबक्या पावलांनी हिंडत होते. दूर रायरेश्वराच्या माथ्यावर उन्हाची पहिली सोनरेघ उमटली होती. पण खाली, कौलांवर, तुळशीवर, दोरीवरच्या पंच्यावर अजून रात्रीचा दहिवरी हात होता. शुभ्र धुके, करडी कौले, हिरवी तुळस. आणि पुन्हा शुभ्र धुके.

अशा त्या दवभारल्या, मौनमधुर प्रहरी निवृत्त भूमापक दिगंबरराव खोपडे, वय वर्षे एकोणऐंशी, बाटली दोन गुडघ्यांत धरून तिच्याशी झुंजत होते.

आयुष्यभर त्यांनी डोंगर मोजले, ओढे मोजले, भावाभावांतले बांध मोजले. त्यांनी रोवलेला हद्दीचा दगड हलला नाही, त्यांनी ओढलेली रेघ सूतभर वाकली नाही. पण चिकटवणे ही निराळी विद्या आहे. ज्याने जन्मभर वाटण्या केल्या त्याने उतारवयात जोडकाम शिकावे, हा नियतीचा विनोद म्हणावा. तर नियतीला विनोदबुद्धी असल्याचा पुरावा नाही.

हे काम लेकीने लावले होते. उद्या शालनताईंची, म्हणजे दिगंबररावांच्या पत्नीची, पंचाहत्तरी. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचे, आणि ओवाळून झाल्यावर आठवणींची वही त्यांच्या हाती ठेवायची. पुण्याहून वैजयंताने फोनवर कृती सांगितली होती, थालीपिठाची सांगावी तशी.

"आबा, घाबरू नका. काळा जाड कागद, कातर, पट्टी, डिंक. बास. एका पानावर तीनच फोटो. कडेचा फापटपसारा छाटून टाका, मुख्य माणूस मध्ये घ्या. खाली दोन ओळी लिहा. आणि शेवटचं, बारावं पान फक्त आईचं."

फापटपसारा छाटा. मुख्य माणूस मध्ये घ्या. हे बोलणे दिगंबररावांना परके नव्हते. ते त्यांच्या खात्याचेच बोलणे होते.

शालनताई दुपारी पोथीला जात. तीन दुपारी, पोथीच्या तीन अध्यायांइतक्या दीर्घ, दिगंबररावांनी स्वयंपाकघरातली दुधाच्या पिशव्या कापायची कातर चालवली. पोलादी पट्टी ठेवावी, शिसपेन्सिलीने रेघ मारावी, रेघेवरून कातर न्यावी. कचकच, कचकच. छाटलेल्या पट्ट्या शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या टोपलीत पडत राहिल्या. शालनताई तीन सकाळी, कातर न शोधता, दुधाची पिशवी विळीवर कापत राहिल्या.

अकरा पाने सजली. काळ्या कागदाच्या निबिड रात्रीत पिवळसर चौकोन चांदण्यांसारखे उगवले. प्रत्येक कोन नव्वद अंशांचा. प्रत्येक माणूस मध्यभागी.

आणि आता बारावे पान. कोरे, काळे, वाट पाहणारे.

डिंकाचा नाद तूर्त सोडून त्यांनी शालनचा फोटो शोधायला घेतला. खोका पाहिला. खोका रिकामा. मग अकरा पाने उलटली, एकेक, सावकाश. वडील होते, चुलते होते, मेहुणे होते. गोठ्यातले वासरू होते. खात्याची जीप दोनदा होती.

शालन नव्हती.

पुन्हा पहिल्यापासून उलटली. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या आणि हार यांच्या फटीतून नाकाचे टोक दिसत होते, आणि ते कुणाचे याची खात्री देता येत नव्हती.

तेव्हा, त्या गार सकाळी, चष्म्याच्या काचेवर धुके धरलेले असताना, दिगंबररावांना कडा दिसू लागल्या. वहीतल्या नव्हे; नसलेल्या. रानात ते फळ्यावरच्या नकाशावर वाकलेले, आणि नकाशावर ऊन पडू नये म्हणून बाहेरून आलेला, छत्री धरलेला एक हात. बाळ वैजयंताने कॅमेऱ्याकडे पाहावे म्हणून कडेला खुळखुळा हलवणारा एक हात. निरोपसमारंभात त्यांच्या अंगावर शाल पडताना बाजूला त्यांची पिशवी आणि चष्म्याचे घर सांभाळणारे दोन हात. घाटातल्या वाऱ्यावर चौकटीत शिरू पाहणारा पदराचा शेव. आणि महाबळेश्वरच्या सहलीत, सगळे कॅमेऱ्याकडे पाहत असताना, दिगंबररावांच्या गळ्यातली मफलर नीट आहे ना एवढेच पाहणारा, काठावर अर्धा कापला गेलेला एक चेहरा.

तो त्यांनी पुरता कापला होता. सरळ रेघेत. पट्टी लावून.

ते टोपलीकडे वळले. टोपली रिकामी होती.

त्या घराचा एक कायदा होता, आणि तो कुठल्याही सरकारी कायद्याहून कडक होता: ओला कचरा झाडांना, कोरडा कागद बंबाला. परसातून धुराची एक निळी रेघ वर चढत होती. निळी, नाजूक, निर्विकार.

दिगंबरराव धावले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस जसा धावतो तसे धावले, म्हणजे भिंतीला धरून. आणि एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात शालनताईंची.

परसात तांब्याचा बंब तांबूस झळकत होता. त्याच्या पोटात अंगार धुमसत होता, त्याच्या तोटीतून वाफेचे पांढरे फूल उमलत होते. आणि पायरीवर, डोक्यावरून शाल घेऊन, शालनताई बसल्या होत्या. समोरच्या फरशीवर त्यांनी पट्ट्या मांडल्या होत्या. सांडगे घालावेत तशा, ओळीने, एकीला दुसरी न चिकटेल अशा बेताने.

त्यांनी मान वर केली नाही. एका पट्टीवर बोट ठेवले.

"हा माझा हात आहे," त्या म्हणाल्या. "ही बांगडी पाटणच्या बदलीत पिचली."

बंबात एक काटकी तडकली.

"पहिली मूठ गेली हो आत. मग बांगडी दिसली, म्हणून थांबले. तोंडाची एक होती वाटतं, ती गेली." आणि मग, भाजीत मीठ घालू का असे विचारावे त्या स्वरात, "बाकीच्या जाळू की ठेवू, ते एकदा सांगा. पाणी तापायचंय."

दिगंबररावांच्या ओठांशी संसाराची चोपन्न वर्षे आली, आणि ओठांशीच थांबली. धुके थांबावे तशी. नदी दिसत असते, पैलतीर दिसत नाही.

"तू मध्ये का नाही आलीस कधी?" एवढेच ते म्हणाले.

"मध्ये आले असते तर छत्री कुणी धरायची? तुमच्या साहेबांनी?"

ते खाली बसले. गुडघे वाजले. रेघ न चुकणाऱ्या बोटांनी त्यांनी पट्ट्या वेचल्या. एक, एक, आणि एक. बंबाच्या दाराशी पडलेली काळी राखही त्यांनी पाहिली. तिच्यातली कुठली राख चेहऱ्याची, हे सांगणारे मोजमाप त्यांच्या खात्यात नव्हते.

मग ते आतून वही, पांढरी पेन्सिल आणि डिंकाची बाटली घेऊन आले. शालनताईंनी बाटली हातातून घेतली, तोटीखालच्या कढत पाण्यात मिनिटभर उलटी धरली, पदराने पुसली, आणि झाकण निघाले. सहज. जणू ते कधी घट्ट नव्हतेच.

मग त्या पायरीवर, वाफेच्या आणि धुराच्या आणि धुक्याच्या तिहेरी पडद्याआड, बारावे पान झाले. दिगंबररावांनी पट्ट्या मध्ये लावल्या नाहीत. चार कडांना लावल्या, एकेका बाजूला एकेक, काटेकोर. आणि पांढऱ्या पेन्सिलीने, सात-बाराच्या कागदांना शोभेल अशा वळणदार अक्षरात, जमिनीच्या खरेदीखतात लिहितात तशी चतुःसीमा लिहिली.

पूर्वेस: छत्री, भर उन्हात.
दक्षिणेस: खुळखुळा.
पश्चिमेस: माझी पिशवी व चष्म्याचे घर.
उत्तरेस: पदर, वारा सुटला असता.

मधला सगळा कागद काळा राहिला. विहिरीतल्या पाण्यासारखा, बुबुळासारखा, पेरणीआधीच्या रानासारखा काळा.

शालनताईंनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. त्या चष्मा आत विसरल्या होत्या. दिगंबररावांनी आपला काढून दिला. तो त्यांना चालत नसे, पण त्यांनी लावला.

"आणि मध्ये काय?"

"मोजणी राहिली आहे," दिगंबरराव म्हणाले. "मोजणारा जागेवर हजर नव्हता."

त्यांनी वही मांडीवर उघडी धरून ठेवली. डोंगरावरची सोनरेघ उतरत उतरत कौलांवर आली, कौलांवरून तुळशीवर, तुळशीवरून पायरीवर. आणि त्या पानाच्या मधल्या काळोखात, चार हातांनी राखलेल्या त्या कोऱ्या जागेत, ऊन येऊन बसले. पिवळे, कोवळे, विनातक्रार. त्या उन्हात शालनताईंच्या अंगठ्याची सावली पडली होती, आणि अंगठ्याला डिंक लागला होता.

मग त्यांनी वही मिटली. नवऱ्याचा चष्मा नवऱ्याच्या नाकावर परत ठेवला. त्याच्या गळ्यातली मफलर नीट केली.

"उद्या मला नवल वाटायचंय, ते मी बघते," त्या म्हणाल्या. "माझी कातर तेवढी धुऊन जागेवर ठेवा. दूध आलंय."