नऊ चौकोनांची भिंत

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा. कोणीतरी तुमचे धावतानाचे चित्र काढले. चित्र इतके सुंदर झाले, की गावभरचे लोक ते पाहायला येऊ लागले. आणि मग त्याच लोकांनी तुम्हाला सांगितले, "आता तू धावू नकोस. तुझ्या पायांनी धूळ उडते, चित्र मळते." तुम्हाला काय वाटेल? कदाचित हसू येईल. मलाही आधी आले होते. आता मला राग येतो. तो का येतो, हे मी तुम्हाला पहिल्यापासून सांगते.

मी एक जुनी भिंत आहे. भिलाईच्या एका सेक्टरात क्वार्टरांच्या रांगा जिथे संपतात, तिथे फुटबॉलचे मैदान आहे. त्याच्या टोकाला मी उभी आहे. माझ्यामागे नाला वाहतो. मी नव्हते तेव्हा जोरात मारलेला प्रत्येक बॉल नाल्यात जायचा आणि त्याच्यामागे मुले उतरायची. एकदा एक मुलगा गाळात कमरेपर्यंत रुतला. चार माणसांनी त्याला ओढून काढले. त्यानंतर पोलादाच्या प्लांटमध्ये काम करणाऱ्या त्या मुलांच्या वडिलांनी ठरवले, की इथे भिंत हवी.

उतईहून बाबुलाल मिस्त्री आला. त्याने घरे बांधली होती, विहिरी बांधल्या होत्या. बॉल अडवायला भिंत बांधा, असे त्याला कोणी कधी सांगितले नव्हते. त्याने माझा गिलावा जाड केला आणि फळीने घासून घासून सपाट केला. काम संपल्यावर त्याने एका मुलाला बोलावून माझ्यावर बॉल मारायला लावला. बॉल सरळ त्या मुलाच्या पायाशी परत गेला, तेव्हा बाबुलालने आपली थापी धुतली. हे लक्षात ठेवा. मला बांधले ते बॉल झेलायला आणि परत द्यायला. माझा जन्मच त्यासाठी झाला.

पुढे श्रीधर मास्तर आले. ते शाळेतले मास्तर नव्हते, प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवर कामाला होते. पहिली शिफ्ट संपली की तांबारलेले डोळे धुऊन ते मैदानावर यायचे आणि मुलांना खेळ शिकवायचे. त्यांनीच माझ्या अंगावर गेरूने नऊ चौकोन आखले. वरच्या ओळीत एक, दोन, तीन. मधल्या ओळीत चार, पाच, सहा. खालच्या ओळीत सात, आठ, नऊ. समोर जमिनीवर चुन्याची एक रेघ. रेघेवर बॉल ठेवायचा, मागे जायचे आणि धावत यायचे. मुलाने पाय उचलला, की मास्तर आकडा ओरडायचे. आधी नाही. ज्या चौकोनाचा आकडा, त्याच चौकोनात बॉल लागला पाहिजे.

दरवर्षी विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्यावरचा गेरू ताजा करायचे आणि नवीन मुलांची परीक्षा घ्यायचे. जो माझ्यासमोर पास झाला तो सेक्टरच्या टीममध्ये गेला. त्याचे वडील साहेब असोत की साधे खलाशी मजूर, मास्तरांनी कधी विचारले नाही, आणि मी तर भिंतच. मला आडनावे कळत नाहीत. फक्त बॉल कुठे लागला ते कळते.

त्या वर्षांत माझे फार कौतुक झाले. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीची टीम आमच्याकडे खेळायला आली, की तिथली मुले मला हात लावून पाहायची. "हीच का ती भिंत," असे म्हणायची. मास्तरांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांत सर्वात नेमका पाय होता देवीदासचा. त्याने मारलेला बॉल कोणत्या चौकोनात लागणार, हे मला तो धावू लागताच समजायचे.

मग मास्तर निवृत्त झाले. निवृत्त माणसाला क्वार्टर सोडावे लागते. ते भंडाऱ्याकडे आपल्या गावी गेले. देवीदास एव्हाना प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये लागला होता. गेरूचा डबा त्याने आपल्या हाती घेतला. काही वर्षे त्याने परीक्षा चांगली घेतली. पण मैदानावरचे दिवे गेले आणि ते कोणी बदलले नाहीत. मोठी मुले येईनाशी झाली. माझा गिलावा खाली खाली पोपडे धरू लागला आणि माथ्यावर पिंपळाचे रोप उगवले.

तरी एक मुलगी रोज यायची. उर्वी. देवीदासचीच मुलगी. शाळेतून आली, की दप्तर आजीजवळ टाकून ती माझ्यासमोर उभी राहायची. तिची आजी ठकूबाई मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या बाकावर बसून लसूण सोलायच्या आणि तिला आकडे सांगायच्या. बाईंना फुटबॉलमधले काही कळत नव्हते. त्या कधी कधी "बारा" म्हणायच्या.

"आजी, बारा नसते न वं त्याच्यात."

"मंग काढ न तीन डबे आनखी. भिंत का छोटी हाय?"

उर्वी हसायची आणि मारायची. तिचा डावा पाय कच्चा होता. वर्षभर माझ्यावर बॉल मारून मारून तिने तो पक्का केला. तिला यंदाच्या परीक्षेत पास व्हायचे होते, टीमबरोबर चरोद्याला खेळायला जायचे होते. त्याखेरीज तिला दुसरे काही नको होते.

आणि मग, मित्रांनो, मला सुंदर करायचे ठरले.

शहरातल्या भिंती रंगवायचे काम निघाले होते. रायपूरहून शिल्पा नावाची चित्रकार आली. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. ती मन लावून काम करणारी मुलगी होती. तिने आधी माझे पोपडे खरवडले, भेगा बुजवल्या, पिंपळ मुळासकट काढला. उर्वीला खेळताना पाहत ती बराच वेळ मैदानात बसून राहिली आणि तिने तिची रेखाचित्रे काढली. मग तिने देवीदासला विचारले, "दादा, हे गेरूचे चौकोन मुलांचे आहेत का? हवे असतील तर चित्रात ठेवते मी. जमेल मला."

मैदानाच्या समितीचा सेक्रेटरी आता देवीदासच होता. तो म्हणाला, "काही नाही मॅडम, पोट्ट्यांचं आपलं काहीतरी हाय. पुसून टाका."

मी ते ऐकले. पोट्ट्यांचे काहीतरी. ज्या चौकोनांनी त्याला खेळाडू केले, त्यांना तो पुसून टाका म्हणाला. माझ्यावर पांढरा रंग चढला आणि नऊही चौकोन त्याच्याखाली गेले.

चित्र मात्र मोठे देखणे झाले. मागे लोखंड वितळवणाऱ्या धमनभट्टीचा लाल उजेड, आणि पुढे उंच उडी घेऊन बॉल मारणारी एक मुलगी. ती उर्वीच होती. तिच्या वेण्या, तिची गुडघ्यावरची खूण, सगळे हुबेहूब. उर्वीने आजीला ओढत आणून दाखवले. "आजी, पाह्य, मी." त्या दिवशी मीही खूश होते. खोटे कशाला बोलू?

दिवे आले. चित्राचे उद्घाटन झाले. चित्र पाहायला माणसे आली, माणसांमागे गाड्या आल्या. संध्याकाळ झाली, की माझ्यासमोर पाणीपुरी विकणारा गुपचुपवाला, चाऊमीनवाला, चहावाला अशी रांग लागू लागली. स्पीकरवर गाणी वाजू लागली. मुलेमुली माझ्यापुढे उभी राहून रील करू लागली. सेक्टरात इतकी रौनक कधी नव्हती. देवीदास पाहुण्यांना घेऊन यायचा आणि चित्राकडे बोट दाखवून म्हणायचा, "हे माही पोरगी हाय." त्याला किती अभिमान वाटायचा ते त्याच्या आवाजावरूनच कळायचे.

त्याच आठवड्यात त्याने माझ्यापुढे दोरी बांधली आणि हिंदीत एक पाटी लावली. पेंटिंगवर बॉल मारायला मनाई.

आता माझा राग ऐका. माझ्या अंगावर लोक गुटख्याच्या पिचकाऱ्या मारतात. त्याला मनाई नाही. चाऊमीन खाल्लेले तेलकट हात पुसतात. त्याला मनाई नाही. बूट टेकवून उभे राहतात, मोटारसायकल टेकवतात, खिळ्याने आपली नावे कोरतात. त्याची पाटी कुठेच नाही. मनाई फक्त बॉलला. माझ्यावर बॉल मारणाऱ्या मुलीचे चित्र मळू नये, म्हणून त्या मुलीने माझ्यावर बॉल मारायचा नाही. हे ठरवणारी माणसे वाईट नव्हती. म्हणून तर माझा राग जात नाही. वाईट माणसांवर रागावणे सोपे असते.

मित्रांनो, तुम्हाला कोणी वस्तू नीट जपायला सांगितली तर जरूर जपा. पण ती कशासाठी आहे, हे आधी विचारा. पुस्तक जपायचे म्हणजे ते कपाटात बंद करायचे नसते. मला जपायचे असेल तर माझ्या भेगा बुजवा, मुळाशी पाणी साचू देऊ नका, थुंकणाऱ्याला थांबवा. आणि मग माझ्यासमोर येऊन खेळा. रंग गेला तर पुन्हा लावता येतो.

विश्वकर्मा पूजा आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी देवीदासने सांगितले, की भिंत रंगवल्यामुळे यंदा परीक्षा होणार नाही. परीक्षा नाही, म्हणून टीममध्ये नवीन कोणी नाही. गेल्या वर्षीचीच मुले चरोद्याला जातील.

टीमच्या जर्सी वाटायचा कार्यक्रम त्याने रविवारी संध्याकाळी माझ्यासमोरच ठेवला. गर्दी होती, दिवे होते. टीमचा कॅप्टन शुभम आणि बाकीची मुले ओळीत उभी होती. जर्सी वाटून झाल्यावर उर्वी बॉल बगलेत धरून पुढे आली.

"बाबा, माही परीक्षा घ्या."

"यंदा नाही म्हनलं न बेटा. घरी बोलू."

"घरी भिंत नाही."

मुले हसली. शुभम म्हणाला, "काका, टेस्ट तो होनी चाहिए. हम सब ने दिया है. इसको भी देने दो न."

"तू गप रे. चित्र खराब होईल. एवढे लोकं पाहून राहिले, काय म्हनतील?"

बाकावरून ठकूबाई बोलल्या, "कावून रे देवीदास, भिंतीले ताप आला का? पोरीले हात लावू देत नाही तं?"

"माय, तू नको बोलू मधात." मग देवीदास खाली वाकला आणि मुलीला समजावू लागला. "पाह्य बेटा, चित्र कोनाचं हाय? तुहंच हाय न? कित्ती छान दिसून राहिली त्याच्यात. सारे लोकं तुले पाहाले येतात."

उर्वीने वर चित्राकडे पाहिले. मग ती म्हणाली, "मंग तिलेच पाठवा चरोद्याले."

गुपचुपवाल्याचा हात मडक्यातच राहिला. देवीदास सरळ उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "उर्वी, घरी चाल."

ती घरी गेली नाही. ती दोरीखालून वाकून आत आली. माझ्यापुढे रील करणारी तीन मुले होती. ती त्यांना म्हणाली, "भैया, थोडा साइड होना. बॉल लगेगा." ती मुले बाजूला झाली. चहा पिणारे एक काका मला टेकून उभे होते. "काका, तुमी पन." तेही सरकले. चुन्याची रेघ केव्हाच पुसली होती. तिने टाचेने जमिनीवर नवीन रेघ ओढली आणि तिच्यावर बॉल ठेवला.

तेव्हा देवीदास धावत आला आणि माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला. चित्राच्या अगदी मधोमध, माझ्याकडे पाठ करून.

"मार आता," तो म्हणाला. "पाहू कशी मारते तं."

कोणीतरी स्पीकर बंद केला. उर्वीने वडिलांकडे पाहिले. मला वाटले, आता ती रडेल. लहानच आहे ती.

"बाबा, बाजूले व्हा."

तो हलला नाही. ती मागे गेली आणि धावत आली. तिने पाय उचलला तेव्हा आकडा सांगायला कोणी नव्हते. तो तिने स्वतःच सांगितला. "तीन."

डावा पाय. बॉल देवीदासच्या खांद्यावरून गेला. देवीदास डोके वाचवत मटकन खाली बसला. बॉल रंगाच्या थराखाली तिसरा चौकोन जिथे होता, नेमका तिथे लागला. चौकोन कोणालाच दिसत नव्हते, पण ते कुठे आहेत हे मला माहीत होते, तिला माहीत होते, आणि खाली बसलेल्या त्या माणसालाही माहीत होते. त्याने मान वळवून वर पाहिले. चित्रातल्या लाल उजेडावर मातीचा एक गोल ठसा उमटला होता.

मी बॉल जसा आला तसा तिला परत दिला. बाबुलालने मला तसेच बांधले आहे.

उर्वीने तो पायाखाली थांबवला. रेघेवर ठेवला. गर्दीतली एक बाई म्हणाली, "अब बस कर, बेटा," पण उर्वीने तिकडे पाहिले नाही. तिने वडिलांकडे पाहिले. ते अजून तिथेच, भिंतीच्या पायथ्याशी बसले होते. खालच्या ओळीतल्या मधल्या चौकोनासमोर.

"आता आठ," उर्वी म्हणाली, आणि एक एक पाऊल टाकत मागे जाऊ लागली.