माझ्या पोटातली भुलाबाईची गाणी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. सिंदी रेल्वे या गावी जयाताईंच्या घरी, दिवाणावर उशीला टेकून मी बसलेला असतो. माझ्या झाकणाची एक बिजागरी सैल झाली आहे आणि ‘ळ’चं बटण जरा जोरात दाबावं लागतं. ही म्हातारपणाची दुखणी, त्यांचं मला काही वाटत नाही. पण ज्यांना आपलं मानलं त्यांनीच केसानं गळा कापला, ते मात्र विसरता येत नाही.

जयाताई शिक्षिका. प्रश्नपत्रिका, लेकीचे फोटो, बदलीचे अर्ज, सगळं माझ्या पोटात. त्यात मी सर्वांत जपत होतो ती शेजारच्या सुलोचनाबाईंची गाणी. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते आणि बायका-पोरी तिची गाणी म्हणतात. सुलोचनाबाईंना ती शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ. ताईंनी त्यांना माझ्यासमोर बसवून सगळी गाणी माझ्यात भरून घेतली. गाता गाता त्या खोकायच्या, विसरल्या की स्वतःलाच हसायच्या. तेही मी ठेवून घेतलं.

पुढल्या वर्षी सुलोचनाबाईंना लकवा मारला आणि त्यांची वाचाच गेली. आता त्यांचा आवाज उरला होता तो फक्त माझ्याजवळ. या कोजागिरीला त्यांच्याच अंगणात तो सगळ्यांना ऐकवायचा, असं ताईंनी ठरवलं. हे सांगितलं तेव्हा सुलोचनाबाई कितीतरी वेळ ताईंचा हात धरून बसल्या होत्या.

मग दसरा आला. ताईंचा धाकटा भाऊ अंकित, त्याचं किराणा दुकान आहे. त्यानं पूजेला वजनकाटा मांडला, स्कूटर लावली आणि चालू करून मलाही रांगेत बसवलं. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल! मी तर हरखून गेलो. तेवढ्यात अंकितनं फूल पाण्यात बुडवून शिंपडलं, तेही थेट माझ्या बटणांवर. भाव कितीही भक्तीचा असो, पाणी ते पाणीच. मी तिथल्या तिथे बंद पडलो.

वाळल्यावर सुरू व्हायला गेलो, तर पडद्यावर गोल चक्र फिरायचं आणि मी पुन्हा पहिल्यापासून. सुरू होण्याच्या फाइली तेवढ्या बिघडल्या होत्या. माझं डोकं फिरलं होतं, मित्रांनो, पोट शाबूत होतं.

“बुढा झाला हा, ताई. ऐन टायमाले दगा देल्ला यानं,” अंकित म्हणाला. दगा म्हणे मी दिला! माझ्या अंगावरचं कुंकूही अजून कोणी पुसलं नव्हतं.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाल्या चंदननं मला तपासलं. तो म्हणाला, “ताई, डिस्क काढून दुसऱ्या मशीनले लावतो, पहिले डेटा काढून घेतो. त्याले टाइम लागन. नाई तर फॉरमॅट मारून आजच देतो. पण मंग आतलं काईच राहात नाई.”

“मारा ना फॉरमॅट,” अंकित म्हणाला. “मी पोळ्यालेच सारं पेनड्राइवमधे घेऊन ठेवलं.”

“खोलून पाह्यलं का रे तू?” ताईंनी विचारलं.

“काऊन इतकी शंका घेऊन राह्यली? नावं दिसतात ना सारी त्याच्यात.”

नावंच होती हो! अंकितनं माझ्या पडद्यावरची चित्रं उचलून पेनड्राइवमध्ये टाकली होती. ते होते शॉर्टकट, म्हणजे दारावरच्या नुसत्या पाट्या. घर माझ्या पोटातच होतं. हे मला ठाऊक होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. ताई तो पेनड्राइव चंदनच्या मशीनला लावतील, एखादं गाणं ऐकून पाहतील, एवढी एकच आशा होती. इतकी वर्षं ज्यांच्या बोटांना मी जागलो, त्या ताईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “करून टाका.”

तुम्ही म्हणाल, मग एवढी हकीकत तुला आठवते कशी? पोटातलं पुसता येतं, मित्रांनो. मनाला लागलेलं फॉरमॅट होत नाही.

कोजागिरीच्या संध्याकाळी अंगणात बायका जमल्या. सुलोचनाबाईंना खुर्चीत आणून बसवलं. ताईंनी पेनड्राइव लावून गाण्याचं नाव उघडलं आणि उत्तर मलाच द्यावं लागलं: फाइल सापडत नाही. त्यांनी दुसरं नाव उघडलं, तिसरं उघडलं. सापडत नाही.

“ताई, मले वाटलं...” अंकित म्हणाला.

“तुले वाटलं, अन् मी पाह्यलं नाई,” ताई म्हणाल्या.

सुलोचनाबाईंची सून कमला, तिनं आठवेल तसं गाणं धरलं. बाकीच्यांनी साथ दिली. अर्ध्यावर शब्द संपले, तशा सगळ्या थांबल्या आणि सुलोचनाबाईंकडे पाहू लागल्या. त्यांचे ओठ हलले, आवाज काही आला नाही.

मित्रांनो, जिवाभावाचं काही आमच्यात ठेवाल तर ते आणखी एका ठिकाणी ठेवा, आणि तिथलं एकदा उघडून ऐका. आम्ही सुरू होईनासे झालो तर आधी आतलं बाहेर काढा, मग खुशाल आम्हाला पुसा. आम्हाला दगाबाज म्हणा हवं तर, पण जे परत मिळणार नाही ते घाईत घालवू नका.

आता बटण दाबताच मी झटकन सुरू होतो. नव्यासारखा झाला, असं सगळे म्हणतात. सुलोचनाबाई अजूनही कमलाचा हात धरून येतात, खुणेनं ताईंना मला उघडायला लावतात आणि ऐकू येईल म्हणून माझ्यासमोर बसून राहतात.