हिरव्या दिव्यासमोर

"बघायचं तर बघा, पण बघितलंत हे तिला सांगत जाऊ नका," असं बालवर्गाच्या ताईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. आई आपल्याला बघते हे कळलं तर मुलीला बरंच वाटेल, त्यात लपवायचं काय, असं माझं म्हणणं होतं. ते मी अर्थात मनातच म्हटलं.

बघायची सोय वर्गातल्या कॅमेऱ्याची. तो भिंतीवर, अगदी छताला चिकटून, आणि त्याच्या पोटाशी एक बारीक हिरवा दिवा. वर्ग सुटेपर्यंत पालकांनी मोबाइलवरच्या ॲपमधून हवं तेव्हा आत डोकवावं. आवाज नाही, नुसतं चित्र. चित्रात येते ती मधली सतरंजी, टेबलं आणि खिडकीकडची बाजू. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली लाकडी खेळघर आहे, ते मात्र त्याला दिसत नाही. आम्ही ह्या एका सोयीवर भाळूनच हा बालवर्ग निवडला. नवरा म्हणाला, "म्हणजे पोरगी शाळेत आणि तिची आईपण शाळेत."

पोरीला घरात ठमी म्हणतात. साडेतीन वर्षांची आहे. सुरुवातीला ती इतकी रडायची, की ताईंनी शेवटी वर्गातल्या टॅबवरून मला व्हिडिओ कॉल लावून दिला. एरवी त्या टॅबवर मुलं रंगांवर टिचक्या मारतात, प्राण्यांचे आवाज ऐकतात. त्या दिवशी त्यात मी उगवले. ठमीने काचेवर माझ्या नाकाला बोट लावून पाहिलं. फोन ठेवायची वेळ आली तसा तिचा खालचा ओठ पुढे यायला लागला. मी घाईघाईने म्हटलं, "अगं, मी कुठे जात नाहीये. तो वर हिरवा दिवा दिसतो ना? तिथून मी तुला बघत असते." तिने वर बघितलं आणि ती गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून रडणं बंद. मला वाटलं, जमलं बाई आपल्याला.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी बघायच्या आणि काय दिसलं ते लिहायचं. बारीकसारीक दिसणं हे माझं पोटापाण्याचंच काम. फोन मी सूक्ष्मदर्शकाला टेकवून उभा ठेवायला लागले. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "एक डोळा पेशींवर, एक पोरीवर. एक दिवस रिपोर्टात लिहिशील, पेशंटने डबा संपवला नाही."

संध्याकाळी घरी आले की मी ठमीला चकित करायची. डाव्या पायातला मोजा कुठे काढून टाकलास? गाजर शेजारच्या मुलीला का दिलंस? सुरुवातीला तिचे डोळे मोठे व्हायचे. मग सवय झाली. आईला कळणारच, हे तिने पावसाने भिजायला होतं इतक्या सहज गृहीत धरून टाकलं.

पालकांच्या गटावर इतर आयांची रड असायची. ॲप उघडलं की आमचं कार्टं कुठे गायब असतं देव जाणे. माझी ठमी मात्र कधीही बघा, समोर. सतरंजीच्या मधोमध एक निळा चौकोन आहे, त्यावर मांडी घालून, तोंड कॅमेऱ्याकडे, हात मांडीवर. मी गटावर लिहिलंसुद्धा, आमची तर सतत दिसते. दोघी-तिघींनी अंगठे पाठवले.

मग ताईंनी बोलावून घेतलं. त्या सरळ मुद्द्यावर आल्या. ठमी कुणात मिसळत नाही, बोलत नाही. हात धरून खेळघरात नेलं तर थोडा वेळ उभी राहते आणि परत चौकोनावर जाऊन बसते. वय लहान आहे, कदाचित अजून तयार नसेल. सत्र संपताना सगळ्या मुलांचा विचार होतो, तेव्हा हेच चित्र राहिलं तर तिला घरी ठेवून पुढच्या वर्षी आणावं, असं संचालकबाईंचं मत पडेल. मी विचारलं, आणि तुमचं? त्या म्हणाल्या, त्यांनाही काही कळत नाहीये.

घरी ठेवायचं म्हणजे मी घरी बसायचं, दुसरं कुणी नाही. पण ते नंतरचं. आधी आम्ही तिचे कान तपासले, डोळे तपासले, डॉक्टरांशी बोललो. सगळं ठीक. नणंदेचा फोन आला. "वहिनी, आमच्याकडे अशी मुखदुर्बळ कुणी नाही हं. तुमच्याकडून आली असणार." नवरा माझ्या शेजारून ओरडला, "तुझ्याकडून काही शिल्लक राहिलं असतं तर आमच्याही वाट्याला बोलणं आलं असतं." दोघं हसली. मी हसले नाही. मी रात्रंदिवस एकच गोष्ट मनात घोळवत होते, की माझ्या मुलीला नेमकं काय झालंय, आणि मला इतकं दिसत असून ते दिसत कसं नाही.

एका सकाळी ॲप काळं पडलं. कॅमेरा बंद. मी शाळेच्या कचेरीत फोन केला, मग तक्रार लिहिली, तीही जरा झणझणीत भाषेत. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, छान आहे ठमी, खेळघरात आहे. मला वाटलं, माझी बोळवण करतायत. दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी मागून मी थेट वर्गापाशी गेले. दाराला वर एक काच आहे, तिच्यातून पाहिलं.

ठमीने डोक्यावर प्लास्टिकचं पातेलं घातलं होतं आणि ती खेळघराच्या दारात उभी राहून एका मुलाला आत घेत नव्हती. तो काहीतरी विनवत होता. ती हात हलवून हलवून त्याला रांगेत उभं राहायला सांगत होती. मागे खरोखरच रांग होती. माझी मुखदुर्बळ मुलगी.

मी आत न जाता परतले. पुढचे दोन दिवसही ताई तेच सांगत होत्या. मग माझ्या तक्रारीला यश आलं. माणूस येऊन कॅमेरा दुरुस्त करून गेला, हिरवा दिवा परत लागला. मी ॲप उघडलं. ठमी निळ्या चौकोनावर, तोंड माझ्याकडे, हात मांडीवर. पातेल्याच्या खेळातली एक मुलगी तिचा दंड ओढत होती. ठमी मानेने नाही म्हणत होती.

त्या संध्याकाळी मी तिची नखं कापत होते. अशा वेळी ती पळू शकत नाही, म्हणून बोलते. मी विचारलं, "खेळघरात का गं जात नाहीस?"

"तू एकटी असतेस ना."

"मी? कुठे?"

"वर. दिव्यात." माझ्या प्रश्नाचं तिला नवल वाटलं. "सगळे खेळायला गेले तर तुझ्याजवळ कोण बसणार?"

उरलेल्या हाताची नखं मी कापली. करंगळीचं थोडं राहिलं.

मग मी तिला समजावलं. मी दिव्यात नसते, मी माझ्या कामावर असते, फोनमध्ये नुसतं चित्र येतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मोजा कसा कळला?

ताईंना सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या. कॅमेरा बंद करता येणार नाही, इतर पालक त्यासाठीच येतात, तुम्हीही आलातच की, म्हणाल्या. दिव्यावर कागद चिकटवायचं त्यांनी संचालकबाईंना विचारून पाहिलं. नाही म्हणाल्या. राहिला माझा फोन. ॲप मी नवऱ्याला काढायला लावलं, माझ्या हातून होईना. त्याने स्वतःच्या फोनमधलंही काढलं आणि मला फोन परत देत म्हणाला, "गुप्तहेर खात्याचा राजीनामा मंजूर."

कामावर पहिले काही दिवस अंगठा आपोआप त्या रिकाम्या जागेवर जायचा. मैत्रीण म्हणाली, सिगारेट सोडणाऱ्यांसारखं तोंडात काहीतरी चघळत जा.

घरी ठमीची उलटतपासणी सुरू झाली. आज मी काय केलं, सांग. मी म्हणायची, माहीत नाही. बघितलं नाहीस? नाही. ती माझ्याकडे रोखून बघायची. एकदा म्हणाली, आज माझा कुठला मोजा हरवला? मी अंदाजाने उजवा म्हटलं. तिने दोन्ही पाय वर केले. दोन्ही मोजे जागेवर होते. त्या रात्री जेवताना ती मधूनच हसत होती.

आणि मग परवा, मी भांडी घासत असताना, मागे येऊन उभी राहिली.

"आज वर्गात हत्ती आला."

पूर्वी मी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. मी नळ बंद केला. "असं? बसला कुठे?"

"खेळघरात. मी म्हटलं, आत ये, पण पाय पूस."

"मग?"

"पुसले." तिने थोडा विचार केला. "चारही."

तिने माझ्यापुढे मारलेली ही पहिली थाप. मी भांडी तशीच ठेवली आणि हत्तीने पुढे काय काय केलं ते सगळं ऐकलं.

आता माझी पंचाईत अशी, की हत्ती तर आला नव्हता हे नक्की. पण ती स्वतः खेळघरात होती का? ताई म्हणतात, सकाळी येते तशी अजून जरा वेळ चौकोनावर बसते. दुपारचं खात्रीने सांगता येत नाही, एका मुलाला धरावं तर दुसरं पाणी सांडतं. सत्राची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. काचेतून बघायला मी पुन्हा जाऊ शकते, पण तिने मला पाहिलं तर सगळं मुसळ केरात.

तेव्हा हे वाचणाऱ्यांत त्या वर्गातल्या कुणा मुलाची आई किंवा बाप असेल, तर एक काम करा. दुपारच्या खाण्यानंतर ॲप उघडाल, आपलं मूल बघून घ्याल, तेव्हा सतरंजीवरच्या मधल्या निळ्या चौकोनाकडेही एक नजर टाका. तिथे कुणी दिसलं नाही, तर मला काही कळवायची गरज नाही. पण तोकड्या केसांची एक मुलगी तुमच्याकडे तोंड करून बसलेली असेल, तर तेवढं कृपा करून ताईंना फोन करून सांगा, की तिला कुणीतरी खेळायला बोलवा.