इथवर या

“रांगोळी तुडवली तर च्या न्हाई बघा,” सिंधु अंगणातून म्हणाली.

दारात तिच्या नवऱ्याचे, महादेवप्पाचे पाय फरशीला चिकटले होते. कंपवाताची तऱ्हाच तशी. हात नाचतात अन् पाय रुसून बसतात. लातूरला व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, जमिनीवर आडव्या रेघा मारा, त्या ओलांडू द्या. चालणं सुटलं की माणूस खाटेला लागतो. लॉकडाऊनमध्ये एसटी थांबली आणि तिकडचं जाणं बंद झालं. औशातल्या घरी सिंधुने खडूने रेघा मारल्या, त्या महादेवप्पा खुशाल तुडवी अन् अडखळे. मग तिने रांगोळी घेतली. जन्मात ज्याने कुणाची रांगोळी मोडली नाही, त्याचा पाय आपसूक वर उठला.

“नवरीगत चालायलात की.”

“नवरी लाजती. मी पडाय भ्यातो.”

रोज दारापासून फाटकापर्यंत रेघा. रोज फाटकाला हात लावून तो परते.

दुसऱ्या लाटेत सिंधुला ताप आला, तपासणीत कोरोना निघाला. फाटकाशी ॲम्ब्युलन्स उभी राहिली तेव्हा अंगण कोरं होतं. महादेवप्पा दारातच खिळला.

“सिंधु, थांब. पाय उठंना.”

ती अर्ध्या वाटेवरून वळली. “मंजू, डबा सरकव.”

सून मंजुश्रीने लांबूनच रांगोळीचा डबा सरकवला. धापा टाकत, मागे मागे सरत सिंधुने वाकड्यातिकड्या रेघा ओढल्या. पेरूच्या झाडापाशी तिचा हात थांबला. फाटक अजून पुढे होतं.

“इथवर या. पुढं न्हाई. माझं दुखणं तुमाला नको.”

एकेक रेघ ओलांडत तो पेरूपाशी आला.

“रोज चालायचं. आल्यावर मंजूला इचारनार हाय मी.”

“तू ये तर.”

ती आली नाही. माती परस्परच झाली. कपाळी विभूती लावायला घरचं कुणी नव्हतं.

पंधरवड्याने मंजुश्रीने तो डबा उघडला. शेजारच्या तारामतीकाकू कुंपणावरून म्हणाल्या, “दुखवट्याच्या घरी रांगोळी काढतेत का गं?”

“आप्पांचे पाय हायेत ते, काकू.”

तिने थेट फाटकापर्यंत रेघा काढल्या. महादेवप्पा चालत आला आणि पेरूपाशी थांबला.

“आप्पा, पुढं हायेत की रेघा. या.”

“हाव, दिसतेत.” पाय अडले नव्हते. “तिनं इथवरच बोलिवलंय.”

मग फाटकाकडे बघत, तिथेच उभ्या उभ्या, तो एकेक पाय उचलून खाली ठेवू लागला. खाली तिची रांगोळी असावी, इतक्या हळूच.