खोक्यातला रुसवा

त्या संध्याकाळी सभागृहात इतकी गर्दी होती, की मागच्या रांगेत कुणाला शिंक आली तर पुढच्या तिघांची परवानगी घ्यावी लागे. माणसं गाणं ऐकायला जमली नव्हती. खोका रुसतो कसा, ते बघायला जमली होती.

खोका म्हणजे आमच्या बँडचा जुना ट्रान्झिस्टरवाला बेस अँप, बेस गिटारचा आवाज मोठा करणारा. त्याचा मालक, आमचा बेसवाला, गेल्या वर्षी वारला. बरेच महिने खोका न्हाणीघराच्या भिंतीला टेकून ओल खात पडला होता. मग त्याच्या लेकीने बापाची जागा घेतली आणि तमाशा सुरू झाला. पहिलं गाणं दणक्यात व्हायचं, दुसऱ्यात आवाज विझत जायचा, कुणी जिना उतरून लांब निघून जावं तसा. मी मागे ड्रम बडवत हे रोज बघत होतो. थापाड्या म्हणून माझी ख्याती आहे, पण यात मीठमिरची माझी नाही.

पोरीने वायर बदलली, गिटार बदललं, दुसरा स्पीकर लावला, बटणं फिरवून बोटं सोलून घेतली. दुरुस्तीच्या दुकानात नेला की मेला तिथे शहाण्यासारखा गात बसे.

"काका, याला जिन्यावरून ढकलून देते मी एकदा."

"ढकल. माझे ड्रम खाली नाहीत ना, तेवढं बघ."

शेवटी तिच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मंत्राने वाद्यं बरी करणाऱ्या नादबाबांना त्या संध्याकाळी सभागृहात बोलावलं. बाबा आले ते आपल्या बेस वाजवणाऱ्या भाच्यालाच घेऊन. खोक्याला कान लावून म्हणाले, "माई, हा खोका नाही, कंठ आहे. आत तुमचे यजमान बसलेत. लेकीने त्यांच्या जागेवर बसावं, हे त्यांना सोसत नाही."

मग मखमली पिशवीतून एक पितळी खुंटी निघाली. खोक्याच्या पाठीला वायर लावायची दोन भोकं होती, कधीच न वापरलेली. त्यातल्या एकात, 'आत्म्याच्या कानात', बाबांनी खुंटी घातली, पुटपुटले आणि उपसली. भाच्याने तार छेडली आणि खिडक्या थरथरल्या. टाळ्याच टाळ्या. भाचा गाणं वाजवून उठला. लेक बसली, आणि दुसऱ्या कडव्यात आवाज गेला.

"पाहिलंत?" बाबा म्हणाले. "पुढच्या कार्यक्रमापासून भाचा वाजवील."

आमच्या गायकाने मान डोलावली. वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "ते नको म्हणतायत गं. सोड आता."

पोरगी खोक्याच्या मागे गेली. "सोडते. आधी तो कान बघू दे."

तिने गिटारची वायर पुढून काढली आणि थेट मागच्या त्या भोकात घातली. आवाज आला. दबका होता, पण विझेना. म्हणजे मागचा अर्धा भाग धड. मग वायर पुन्हा पुढे लावली, शेजारच्या भोकातून दुसरी वायर गायकाच्या अँपला नेली. तिथेही आवाज विझेना. पुढचा अर्धाही धड.

"काका, पुढचं धड, मागचं धड. मग आवाज मरतो कुठे?"

"मधे," मी म्हणालो. तेवढं गणित मलाही येतं.

तिने वीतभर वायर घेऊन ती दोन भोकंच एकमेकांना जोडली. एक गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. खिडक्या थरथरतच होत्या. वायर काढली, अर्ध्या गाण्यात आवाज विझला. लावली, परत आला.

"आता बाबांनी खुंटीशिवाय मंत्र म्हणावा," ती म्हणाली, वायर काढून घेतली आणि आवाज विझेपर्यंत वाजवलं.

बाबा घसा सुकेपर्यंत म्हणत राहिले. खोका ढिम्म. मी म्हटलं, "बाबा, मंत्र तुमच्याकडेच असू द्या, खुंटी तेवढी आम्हाला द्या."

तेवढ्यात भाचा रडकुंडीला येऊन बोलून गेला, "मामा, तुम्ही रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून ही युक्ती कुणाला ठाऊक नाही, म्हणाला होतात ना?"

पोरीने विजेचा प्लग उपसून मागचं झाकण उघडलं. आत नखाएवढी धातूची पट्टी होती. भोक रिकामं असेल तेव्हा पुढचा आवाज मागे पोचवायचं काम तिचं. ओलीने ती काळी पडली होती. खुंटी घासली की काळं खरवडून निघे, आवाज येई. वाजवण्याच्या हादऱ्यांनी पट्टी हलली की आवाज परत जाई. दुकानात नेताना जिन्यावरच्या धक्क्यांनीही पट्टी घासली जाई, म्हणून खोका तिथे गात बसे.

वहिनींनी वाकून त्या पट्टीवरून बोट फिरवलं. "म्हणजे ते हिच्यावर रागावले नव्हते?"

"नाही आई. पट्टी खराब झाली होती."

वहिनींनी पुढची खुर्ची ओढली, पदर सारखा केला आणि बसल्या. "मग वाजव. मघाशी मी नीट ऐकलंच नाही."

बिघाड झाला की आधी पुढून तपासा, मग मागून, मग मधे. वैताग येईल, येऊ द्या. पण तपासणं सोडू नका. आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं म्हणणं घालणारा कुणी भेटला, तर सगळ्यात आधी त्याची पिशवी तपासा.